एक्झॉस्टच्या अलीकडचं काम

न्यूक्लिअर मेडिसिन विभागातला किरणोत्सारी कचरा तीन रूपांत येतो, आणि प्रत्येकाशी वागायची रीत निराळी. सुया, सिरिंज, हातमोजे, रुग्णाची चादर हा घन कचरा. तो पिशवीत भरायचा, वर समस्थानिकाचं नाव आणि तारीख लिहायची, शिशाचं अस्तर असलेल्या पेटीत ठेवायचा आणि वाट बघायची. टेक्निशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, आयोडीन-१३१चं आठ दिवसांचं. दहा अर्धायुष्यं उलटली की सुरुवातीच्या किरणोत्साराचा जेमतेम हजारावा हिस्सा उरतो. टेक्निशियमला त्यासाठी अडीच दिवस लागतात, आयोडीनला ऐंशी. द्रव कचऱ्याचंही तेच. आयोडीनच्या वॉर्डातलं संडासाचं पाणी डिले टँकमध्ये साठतं, एक टाकी भरली की दुसरी सुरू होते, पहिली मुरत राहते. या दोन्हींत काही चुकलं तर सावरायला वेळ मिळतो. पिशवी पुन्हा पेटीत ठेवता येते, टाकीचा व्हॉल्व्ह आणखी पंधरा दिवस बंद ठेवता येतो.

तिसरा कचरा वायूचा, आणि तो अशी सवलत देत नाही. डक्टमधून बाहेर पडलेली हवा कोणालाच परत आणता येत नाही. म्हणून तिच्यासाठी जे काही करायचं ते ती बाहेर पडण्याआधी, एक्झॉस्टच्या अलीकडे करून ठेवावं लागतं. रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आमच्या भाषेत आर.एस.ओ., म्हणून मी अनेक वर्षं काढली. त्या वर्षांत हे काम मला पुस्तकांनी थोडं आणि रुग्णालयाच्या इमारतीने पुष्कळ शिकवलं.

माझं शिक्षण भौतिकशास्त्राचं. पुढचं प्रशिक्षण परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झालं. १९६३ साली सुरू झालेली ही संस्था म्हणजे आपल्याकडच्या न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांचं माहेर. तिथे आयोडीनची बाटली कशी उघडायची हे आम्हाला आधी शिकवलं आणि रुग्णाला डोस कसा द्यायचा हे नंतर. समस्थानिकं पुरवणाऱ्या वाशीच्या ब्रिट या संस्थेतून येणारं शिशाचं भांडं वाफ ओढून घेणाऱ्या फ्युम हूडमध्ये ठेवायचं, पंखा चालू आहे ना ते हाताने नाही तर ॲनिमोमीटरने बघायचं, हूडच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर भरला की मगच झाकण सैल करायचं. रबरी बुचात आधी चारकोल लावलेली सुई खुपसायची, कारण बाटलीतल्या द्रावणाच्या वरच्या पोकळीत आयोडीनची वाफ साठलेली असते. ती निघून जाईपर्यंत काही करायचं नाही. तरुण वयात तसं हात बांधून उभं राहणं जड जायचं. आम्हाला शिकवणारे सर म्हणायचे, "घाई असेल तर बाहेर चहा पिऊन या. बाटली कुठे पळून जात नाही, आतली वाफ मात्र जाते."

सोडियम आयोडाइडचं द्रावण अल्कधर्मी असेल तोवर आयोडीन त्यात गुण्यागोविंदाने राहतं. ते तसंच राहावं म्हणून त्यात थायोसल्फेटही घातलेलं असतं. पण आम्लाशी किंवा ऑक्सिजन देणाऱ्या एखाद्या रसायनाशी गाठ पडली की आयोडाइडचं आयोडीन होतं आणि ते हवेत उडतं. श्वासावाटे आत गेलेलं आयोडीन थेट थायरॉइडमध्ये जाऊन बसतं. ज्या गुणामुळे ते थायरॉइडच्या कर्करोगावर औषध ठरतं, त्याच गुणामुळे ते देणाऱ्याला अपायकारक ठरू शकतं. कर्करोगाच्या रुग्णाला आम्ही शंभर ते दोनशे मिलिक्युरीचा डोस देतो. त्याचा अगदी नगण्य अंश उडाला तरी मोजण्याजोगा असतो. त्यामुळे डोस दिल्यावर एक-दोन दिवसांत आम्ही सगळे ओळीने खुर्चीवर बसून गळ्यासमोर काउंटर लावून घ्यायचो. टीएलडी बॅज बाहेरून आलेला डोस सांगतो. नाकातून आत गेलेलं आयोडीन त्याला कळत नाही. ते गळ्याशीच मोजावं लागतं.

अशाच एका मोजणीत विभागातल्या सफाईच्या मावशींचा आकडा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आला. मर्यादेच्या खूप खाली होता, पण ज्या बाईंनी आयोडीनची बाटली कधी डोळ्यांनीही पाहिली नव्हती, त्यांच्या गळ्यात ते आलं कुठून? हूड तपासलं, हॉट लॅबमधली, म्हणजे डोस तयार करायच्या खोलीतली, हवा एअर सॅम्पलरमधून ओढून चारकोलच्या काडतुसावर मोजली. सगळं स्वच्छ. मग मी एक सकाळ त्यांच्याबरोबर काढली. रुग्ण घरी गेल्यावर आयसोलेशन रूमचा संडास त्या घासायला लागल्या, आणि कोपऱ्यातली पिवळट बाटली उचलली. ॲसिड. घरोघरी संडासाला टाकतात तेच. "मॅडम, ह्याच्याशिवाय डाग निघत नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने त्या चोख काम करत होत्या. भांड्याला चिकटलेल्या आयोडीनवर आम्ल पडत होतं, आणि त्या त्याच्यावर वाकून घासत होत्या.

त्या दिवशी ॲसिड बंद झालं, ब्लीचिंग पावडरही बंद झाली, कारण तीही तेच करते. साधा साबण आणि भरपूर पाणी एवढंच ठेवलं. रुग्ण गेल्यावर खोली काही दिवस बंद ठेवायची, एक्झॉस्ट चालू ठेवून, आणि सर्व्हे मीटरने पाहिल्यावरच सफाई, असा क्रम ठरला. कचरा व्यवस्थापनाच्या आमच्या जाड फाइलमध्ये फिल्टरवर कितीतरी पानं होती. संडास कशाने घासायचा यावर एक ओळ नव्हती. ती मी त्या संध्याकाळी लिहिली. पुढच्या मोजण्यांत मावशींचा गळा आमच्यासारखाच आला.

द्रवाचा वायू नकळत कसा होतो याचं मोठं उदाहरण पुढे बेल्जियमच्या रूपाने वाचायला मिळालं. २००८च्या ऑगस्टमध्ये तिथल्या फ्लेरूस गावी वैद्यकीय समस्थानिकं बनवणाऱ्या संस्थेत निरनिराळ्या टाक्यांतलं द्रव एकत्र आलं, टाकीत रासायनिक क्रिया झाली आणि आयोडीन-१३१ चिमणीतून बाहेर पडलं. आसपासच्या पाच किलोमीटरमधल्या लोकांना परसातली भाजी खाऊ नका असं सांगावं लागलं. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ती तिसऱ्या पातळीची घटना ठरली. आपलं प्रमाण त्यांच्यासमोर काहीच नाही, पण रसायनशास्त्र तेच. त्यानंतर मी प्रशिक्षणाच्या वर्गात सफाई कर्मचाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवू लागले.

वायू बाहेर जाण्याचा मार्ग कागदावर सरळ असतो: खोली, डक्ट, फिल्टर, पंखा, चिमणी. इमारतीत तो तसा कधीच सापडला नाही. एका रुग्णालयात नवा विभाग उभा राहत होता, तिथे कंत्राटदाराने पंखा हूडच्या डोक्यावरच बसवला होता. त्याचं म्हणणं, "मॅडम, मेंटेनन्सला सोपं पडेल, गच्चीवर कोण चढणार?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पंखा खाली असला की त्याच्या पुढचा सगळा डक्ट दाबाखाली येतो, आणि प्रत्येक जोडातून हवा बाहेर फुसफुसते. तो डक्ट ओपीडीच्या फॉल्स सीलिंगवरून जाणार होता. पंखा डक्टच्या शेवटी, गच्चीवर असेल तर आख्खा डक्ट शोषून घेत राहतो. जोड गळका असला तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. पंखा वर नेईपर्यंत मी सही केली नाही. कामाला उशीर झाला, वरिष्ठ नाराज झाले. एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, परवान्याच्या कागदांत आर.एस.ओ.ची सही लागते, तिचा उपयोग अशा वेळी कळतो.

आयसोलेशन रूममध्ये हवेचा दाब बाहेरच्या पॅसेजपेक्षा कमी हवा, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते. त्यासाठी मीटर असतात, पण माझा भरवसा उदबत्तीवर. दाराच्या फटीशी उदबत्ती धरली की धूर कोणीकडे झुकतो ते मावशींपासून डीनपर्यंत सगळ्यांना एका क्षणात कळतं. एकदा एका खोलीशी उदबत्ती धरली तर धूर सरळ पॅसेजमध्ये आला. पंखा बंद होता. रात्रपाळीच्या वॉर्डबॉयने बंद केला होता, रुग्णाच्या तक्रारीवरून: एसीची सगळी गार हवा हा पंखा ओढून नेतो. रुग्ण दोन-तीन दिवस एकटा कोंडलेला, मे महिना, त्याची तक्रार रास्त होती. आणि आयोडीन घेतलेल्या माणसाच्या उच्छ्वासातूनही थोडं आयोडीन बाहेर पडत असतं हे वॉर्डबॉयला कोणी सांगितलं नव्हतं. पंख्याचं बटण खोलीबाहेर काढून कुलपाच्या पेटीत घातलं, आणि एसी थोडा मोठ्या क्षमतेचा बसवला. नुसतं कुलूप लावून भागलं नसतं. उकाडा तसाच राहिला असता तर आठवड्याभरात कोणीतरी पेटीही उघडली असती.

वीज जाण्याचं तसंच. विदर्भातल्या एका केंद्रात मी सल्लागार म्हणून जायचे, तेव्हा भारनियमन जोरात होतं. वीज गेली की जनरेटर सुरू व्हायचा, दिवे लागायचे, गॅमा कॅमेरा चालायचा, फ्रीज चालायचा. हूडचा पंखा मात्र जनरेटरच्या लाइनवर नव्हता. दिवे लागल्यामुळे कोणाच्या लक्षातही यायचं नाही की वाफ आता वर न जाता खोलीतच फिरते आहे. ते शोधलं तिथल्या वायरमन काकांनी. मी फक्त विचारलं होतं की वीज गेल्यावर काय काय चालू राहतं, त्याची यादी द्या. त्यांनी पॅनेल उघडून एकेक तार माझ्यासमोर मोजली आणि म्हणाले, "हा पंखा आमच्या लेखी संडासाच्या एक्झॉस्टमध्ये आहे. महत्त्वाचा आहे असं कोणी बोललंच नाही." दुसऱ्या दिवशी तो आणीबाणीच्या लाइनवर आला.

मग पावसाळा. परदेशी पुस्तकांतून शिकलेल्या माणसाला मुंबईचा जुलै हा स्वतंत्र धडा देतो. आयोडीन पकडायला चारकोल लागतो. धूलिकणांसाठीचा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, पण वायू त्यातून निर्धास्त पार होतो. चारकोलच्या कणाकणांत असंख्य छिद्रं असतात, त्यांत आयोडीन अडकतं. सेंद्रिय आयोडीनसाठी चारकोलला वेगळ्या रसायनाचा पुटही दिलेला असतो. पण ही छिद्रं पाण्याची वाफही तितक्याच आवडीने घेतात. हवेत आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की चारकोलची पकड ढिली पडू लागते, आणि आपल्याकडे चार महिने ती त्याहून जास्तच असते. उत्पादकाने लिहिलेलं फिल्टरचं आयुष्य कोरड्या हवेतलं असतं. आम्ही मग फिल्टरच्या आधी हवेतली ओल काढायची सोय केली, फिल्टरच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे नमुने घ्यायला लागलो, आणि बदलायची तारीख कॅलेंडरवरून न ठरवता त्या दोन आकड्यांतल्या फरकावरून ठरवू लागलो.

चारकोलचा दुसरा वैरी म्हणजे दिवाळीआधीची रंगरंगोटी. ऑइलपेंट आणि थिनरची वाफ चारकोलमध्ये जाऊन बसते आणि आयोडीनला जागा उरत नाही. विभागाला रंग काढायचा झाला की त्या काळात आयोडीनचं काम थांबवायचं, हूडचं तोंड झाकायचं आणि नंतर फिल्टर तपासायचा, हा नियम आमच्याकडे त्यातूनच आला. काढलेला फिल्टर हाही कचराच. वायूतला किरणोत्सार आता घन झालेला असतो. म्हणून काढण्याआधी हूड काही आठवडे वापरायचं नाही, मग दोन पिशव्यांत बांधून त्याच शिशाच्या पेटीच्या खोलीत ऐंशी दिवस.

गच्चीवरच्या चिमणीचं तोंड आजूबाजूच्या इमारतींपेक्षा वर हवं, आणि कोणाच्या खिडकीच्या किंवा एसीच्या हवा ओढणाऱ्या तोंडासमोर नको, हे सगळ्यांना ठाऊक असतं. परवाना घेताना ते तसंच असतं. मग शेजारची जुनी चाळ पुनर्विकासाला जाते. तिच्या जागी उंच टॉवर येतो, आणि एक दिवस लक्षात येतं की आपली चिमणी आता कोणाच्या तरी बाल्कनीच्या समोर आहे. आमच्या रुग्णालयाला लागून असंच घडलं, तेव्हा टॉवरमध्ये लोक राहायला येण्याआधीच मी चिमणी वाढवण्याचा प्रस्ताव दिला. तो मंजूर होत होता, तोवर नव्या सोसायटीतल्या काही मंडळींना कळलं की शेजारी "अणूचा विभाग" आहे. ते हरकतीचं पत्र घेऊन आले.

मी त्यांना गच्चीवर नेलं. आमच्या नमुन्यांची वही दाखवली. वर्षाला सर्वसामान्य माणसाला आमच्या कामामुळे मिळू शकणारा डोस एक मिलिसिव्हर्टच्या मर्यादेत ठेवावा लागतो, आणि आमच्या चिमणीचे नमुने यंत्राला मोजताही येऊ नयेत इतके खाली येतात, हे सांगितलं. एका आजोबांनी विचारलं, "मग चिमणी वाढवता कशाला?" अचूक प्रश्न होता. मी म्हटलं, कारण उद्या फिल्टर दमला किंवा आत बाटली फुटली तर त्या दिवशी ही उंची उपयोगी पडावी म्हणून. आकडे आज चांगले आहेत म्हणून उद्याची तयारी सोडायची नसते. ते पत्र मागे घेतलं गेलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. दर वर्षी आमच्या नमुन्यांचे आकडे त्यांना द्यायचे असं ठरलं. कोणीतरी बाहेरचा विचारणारा आहे म्हटल्यावर आमची वहीही अधिक नीट लिहिली जाऊ लागली.

मधल्या काळात विभागाचं कामच बदललं. आयोडीनच्या द्रावणाऐवजी कॅप्सूल आल्या, त्यांतून वाफ फार कमी उडते. नंतर आलेलं ल्युटेशियम-१७७ हवेत उडतच नाही. फुप्फुसाच्या तपासणीला परदेशात झेनॉन-१३३ हा वायू पुष्कळ वापरला गेला. आपल्याकडे मी मुख्यतः टेक्निशियमचा एरोसोलच पाहिला, त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला नेब्युलायझर होता. त्यात नेब्युलायझरमध्ये भरलेल्या डोसचा छोटासाच भाग फुप्फुसात पोहोचतो, बाकी नळीत आणि फिल्टरवर राहतो, आणि रुग्णाला ठसका लागला की थोडा खोलीत. पण सहा तासांचं अर्धायुष्य असल्यामुळे खोली बंद करून ठेवली तर दुसऱ्या दिवशी प्रश्न बराचसा सुटलेला असतो.

वॉर्डातला वायू कमी झाला तसा तो समस्थानिकं बनवणाऱ्या सायक्लोट्रॉनकडे गेला. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळलाच बसलं, पुढे अनेक शहरांत बसत गेली. माझी नंतरची वर्षं अशाच एका केंद्रात गेली. पेट स्कॅनसाठीचं फ्लोरिन-१८ तयार होतं ऑक्सिजन-१८ने समृद्ध केलेल्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा करून. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणून सकाळी रुग्णालयांत डोस पोहोचवायचा तर उत्पादन उजाडण्यापूर्वी. हिवाळ्यात नेमकी त्याच वेळी हवा स्तब्ध असते आणि बाहेर पडलेलं विरळ व्हायला वेळ घेते. तिथे आमचा मुख्य उपाय होता थांबवून ठेवण्याचा: औषध बनवताना सुटणारा वायू सरळ चिमणीत न सोडता पिशवीत साठवायचा. दहा अर्धायुष्यं म्हणजे अठरा-एकोणीस तास. काल पहाटे भरलेली पिशवी आज पहाटे सोडायला हरकत नसते.

एका पहाटे चिमणीवरचा मॉनिटर वाजला. आकडा धोक्याचा नव्हता, पण नेहमीचाही नव्हता. तरुण सहकाऱ्यांत वाद सुरू झाला की हे हॉट सेलमधून, म्हणजे औषध बनवायच्या बंद पेटीतून, सुटलेलं फ्लोरिन आहे की सायक्लोट्रॉनच्या तळघरातल्या हवेतलं आरगॉन-४१. हवेत आरगॉन एक टक्क्याच्या जरा खालीच असतं, पण न्यूट्रॉन लागून ते किरणोत्सारी होतं. एकाने सुचवलं की दोन तास थांबू, किती वेगाने कमी होतं ते बघू. मी त्यांना दोन्हींची अर्धायुष्यं लिहायला लावली. दोन्ही ११० मिनिटांच्या आसपास. वाट पाहून काही कळलंच नसतं. मग नमुन्याची ऊर्जा पाहिली: फ्लोरिनची खूण ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, आरगॉनची १२९४ला. आकडा ५११लाच उभा होता. वायू पिशवीकडे नेणाऱ्या नळीचा एक जोड ढिला निघाला. मोठी गोष्ट नव्हती, पण त्या मुलांना त्या पहाटे जे समजलं ते मला पहिल्या नोकरीत समजायला फार वेळ लागला होता: मोजणं वेगळं आणि काय मोजतो आहोत हे ठाऊक असणं वेगळं.

आणि वायू लपूनही राहत नाही. २०११च्या शरद ऋतूत युरोपातल्या कितीतरी देशांच्या यंत्रांना हवेत आयोडीन-१३१चे सूक्ष्म अंश सापडले. माग काढत गेल्यावर ते बुडापेस्टच्या एका समस्थानिक उत्पादन संस्थेतून आले असल्याचं समोर आलं. कोणाच्या आरोग्याला धोका नव्हता, पण आपल्या फिल्टरची हालत जगाने सांगावी ही वेळ कोणत्याही संस्थेवर येऊ नये. अणुचाचणी झाली का हे ओळखायला जगभर उभारलेल्या केंद्रांनाही वैद्यकीय समस्थानिकं बनवणाऱ्या कारखान्यांतून सुटणाऱ्या झेनॉनचा अडथळा होतो, इतकी ती यंत्रं तीक्ष्ण आहेत.

आता नव्या आर.एस.ओ.ला काम सोपवताना मी नियमांची फाइल देतेच. ती वाचायला आठवडा लागतो आणि ती वाचलीच पाहिजे. पण पहिल्या दिवशी मी त्याला तीन माणसांकडे नेते. सफाईच्या मावशी: त्या काय वापरतात हे दर महिन्याला बघायचं. एसीवाला: त्याने कुठला डक्ट कुठे जोडला हे त्याच्याकडूनच ऐकायचं. आणि वायरमन काका: त्यांच्या पॅनेलवरच्या पंख्याच्या बटणावर लाल अक्षरांत नाव लिहून घ्यायचं, आणि आपला नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये त्यांच्यासमोर सेव्ह करून द्यायचा. रात्री दोनला पंखा बंद पडला तर फोन करायचा की नाही हे ते ठरवणार आहेत, आणि त्यांनी तो न संकोचता करावा यासाठी आधी चार वेळा त्यांच्याबरोबर बसून चहा घेतलेला असावा लागतो.